अनंताच्या मुळाशी मीठ

मुरुड,
वैशाख वद्य दशमी, दुपार

प्रिय ताई,

'प्रिय' लिहावं की नको, यातच माझी पाच मिनिटं गेली. आपण एकमेकींना कधी पाहिलंसुद्धा नाही. 'तू' म्हणावं तर तुम्ही थोरल्या. 'तुम्ही' म्हणावं तर गेले चार महिने तुमचा पाटा, तुमची कळशी, तुमचं माणूस सगळं मीच वापरते आहे, मग एवढा परकेपणा कशाला? पण जिभेवर 'तुम्ही'च येतं. राहू दे.

लिहायचं कारण सांगते. उद्या तुमची आई, म्हणजे माई, तुमच्या मालूला म्हसळ्याला घेऊन जाणार आहेत. आंब्याच्या सुटीला, असं सगळे म्हणतात. पण मालूने पेटीत पावसाळ्यातली घोंगडी भरली आहे. आंबे खायला जाणारी नऊ वर्षांची पोर घोंगडी नेते का? 'मला न्यायला ये' असं कार्डही तिनेच माईंना लिहिलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माई म्हणाल्या, तिथे रमली तर तिकडच्याच शाळेत घालू. ह्यांनी मान हलवली. ह्यांची मान तुम्हाला माहीत आहेच, ती हो म्हणाली की नाही म्हणाली, हे त्या मानेलाच ठाऊक.

ताई, ती माझ्यामुळे जाते आहे. तुमच्या अनंताला मी मीठ घातलं, आणि ते तिने पाहिलं.

आता सगळे जेवून आडवे झालेत. मी ओटीवर बसून लिहिते आहे. चौथीपर्यंत शाळा झाली आहे माझी, अक्षराला हसू नका. हे कागद पोस्टात टाकायची सोय नाही हेही मला कळतं. पण विचारायचं कुणाला? जे विचारायचंय ते तुमच्याशिवाय कुणालाच विचारता येत नाही, आणि तुम्ही तर नुसत्या माझ्या गळ्यात!

हो, गळ्यात. गेलेल्या पहिलीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा, या रीतीने लग्नाच्या दिवशीच तुमचा टाक माझ्या गळसरीत ओवला. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर सोनाराने ठोकलेली बाई. ती तुमच्यासारखी दिसते की सोनाराच्या बायकोसारखी, देव जाणे. नवं लुगडं आलं की आधी तुम्हाला दाखवायचं, मग मी नेसायचं. गोडाचा घास आधी तुम्हाला. मी सगळं करते, पण कुणासाठी करते ते कळत नाही. कधी वाटतं, मोठी बहीण आहे. कधी वाटतं, माझ्या मानेवर पाळत ठेवायला बसवली आहे.

मी या घरात आले तेव्हा ओटीच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना दोन झुडपं होती. कमरेएवढी, चकचकीत हिरवी, आणि दोन्हींना पांढरी फुलं. मला वाटलं, एकच झाड दोनदा लावलंय! हसू नका. पेणेच्या खाडीवर, मिठागराच्या बांधावर वाढलेली मी. आमच्याकडे पांढरं म्हणजे मीठ. फूल म्हणजे बाजाराच्या दिवशी बाप आणायचा ती वेणी. झाडाला नाव असतं, पथ्यपाणी असतं, हे मला कुणी सांगितलं होतं?

मला शिकवलं ते मालूने. लग्नानंतर आठ-दहा दिवसांनी असेल. मी दोन्ही झाडांकडे बघत उभी होते, तर ही मागून आली आणि म्हणाली, "ही तगर, त्यो अनंत. तगरीचं पान तोडलं की दूध येतं. अनंताला न्हाय येत." तिने पान तोडून तो चीक माझ्या नखावर टेकवला. "अनंत आईचा हाय," असंही म्हणाली. त्या दिवसापासून ती माझ्याकडून वेणी घालून घ्यायला लागली. मला ती कशानेच हाक मारत नाही, 'अगो' म्हणते. पण केस विंचरताना माझ्या गुडघ्याला टेकून बसायची.

मग मी दोन्ही झाडांचं सारखंच करायला लागले. तगरीचं तुम्हाला काय सांगू! भांडी घासलेलं पाणी घाला, मासळी धुतलेलं घाला, चुलीतली राख घाला, तिची काही तक्रार नाही. शेजारची बकरी अर्धी तगर खाऊन गेली, तर पंधरा दिवसांत ही पुन्हा दात काढून उभी. रोज सकाळी देवाला मूठभर फुलं. अशी सून मिळाली तर सासू ओवाळूनच ठेवेल.

आणि तुमचा अनंत! कळी धरायची, फुगायची, आता उद्या उमलणार म्हणून मी वाट बघायची, की दुसऱ्या दिवशी कळी खाली. पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं, तहान लागली असेल, चैत्राचं ऊन आहे. तगरीला एक कळशी घालत होते तशी अनंतालाही न चुकता रोज एक घालायला लागले. मालू शाळेत गेली की माझं ते पहिलं काम.

ह्यांना विचारलं, "ताई अनंताला काय घालायच्या?"

"पानी."

"किती?"

"घालायची त्येवढं."

अशा माणसाशी तुम्ही दहा वर्षं कशा बोललात, ताई?

आणि तुम्हीसुद्धा काही कमी नाही हो. लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावून गेलात, कुठलं कोणत्या सालचं. उतरंडीत कुठल्या मडक्यात काय, हेही लिहिलेलं. मग झाडावर एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं? तीन दिवसांच्या तापात वेळ नाही मिळाला, हे कळतं मला. श्रावण होता, खाडी खवळलेली, होड्या बंद. माईंनासुद्धा पोचता आलं नाही. तरी राग येतो. जिला पाहिलं नाही तिच्यावर रागवायचा मला हक्क आहे का, तेही कळत नाही.

आता मिठाचं सांगते.

अक्षय तृतीयेनंतर माझ्या बापाने मिठाचं पोतं पाठवलं, माडांसाठी. तुमच्याकडे पावसाच्या तोंडावर माडाच्या मुळाशी मीठ घालतात ना, तसंच. माहेरहून पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. मी पदर खोचून एकेका माडाला स्वतः मीठ घातलं. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चांगलं जाड मीठ हाय." एवढं बोलले हेच माझ्यासाठी खूप! पाटीत थोडं उरलं होतं. येताना अनंतापाशी थांबले. माड मिठाने तजेला धरतो, मग हाही धरेल. दोन ओंजळी मुळाशी टाकल्या आणि माती सारली.

असं झालं. पण पूर्ण असंच झालं का?

त्या दिवशी सकाळी ह्यांना मी अनंतापाशी उभं बघितलं होतं. पंचाच्या टोकाने एकेका पानावरची धूळ पुसत होते. मी जेवले की नाही हे चार महिन्यांत एकदा न विचारणारा माणूस!  मनात आलं, मरू दे हे झाड एकदाचं. खरं सांगते, असं आलं. आणि दुपारी मी मीठ घातलं. ताई, माझा हात झाड जगवायला गेला की मारायला? गेले अठरा दिवस मी हेच उलटंसुलटं करून बघते आहे. जगवायलाच, असं म्हणते, आणि दुसऱ्या क्षणाला खात्री वाटत नाही. तुम्ही तर गळ्यातच होता. तुम्हाला दिसलं असेल ना?

हात झटकून वर पाहिलं तर पायरीवर दप्तर घेऊन मालू. तिने माझ्या हाताकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि आत गेली.

त्या दिवसापासून ती माझ्याकडून वेणी घालून घेत नाही. स्वतःच घालते, भांग वाकडा. वाढलं तर खाली मान घालून खाते, उठते. मी समोर आले की हिचं तोंड दुसरीकडे. आणि मी तरी काय बोलू? 'तुझ्या आईचं झाड मी मारलं नाही' असं म्हणायचं? मलाच माहीत नाही तर कोणत्या तोंडाने म्हणू? मग मीही गप्प. आठव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या.

काल माई आल्या. दिघीहून होडीने आगरदांड्याला, तिथून बैलगाडीने. माझ्यासाठी खण-नारळ आणला, 'माजी लेक' म्हणून ओटी भरली. माझ्या गळ्यातल्या टाकाला बोट लावलं आणि तसंच ठेवलं थोडा वेळ. मला मान हलवता येईना. संध्याकाळी त्यांची नजर अनंतावर गेली. मी सगळं सांगून टाकलं, मिठाचं. मनातलं नाही, फक्त मिठाचं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "अगो, माड हा समुद्राकाठचा, त्याला मीठ पचतं. तगर म्हंजे कुठंही टाक, वाढती. अनंत त्यातला न्हाय. त्याला ओल हवी, पन पाय ओले नको. माती भुसभुशीत हवी, जरा आंबूस. ताकाचं पानी घालावं कदीमदी. मीठ तर त्याच्या वाऱ्यालाही नको." मग खाली बसून त्यांनी विळ्याने माती उकरली, वास घेतला. काळा चिखल, कुबट घाण.

"हे मिठानं मेलेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "मीठ मागनं पडलं. ह्याला आदीच कुनीतरी बुडवलंय."

"मी रोज एकच कळशी घालते, माई."

"एका कळशीनं असा चिखल होत न्हाय, बाय."

मग कशाने झाला? आणि आता करायचं काय? मीठ धुऊन काढायचं तर पाणी ओतायला हवं. कुजलेली मुळं सुकवायची तर थेंबही नको. दोन्ही खरं! मी तर रडकुंडीला आले.

वर माई आणखी एक बोलून गेल्या. म्हणे अनंत ही ह्यांची हौस, मुंबईहून डब्यातून रोप आणलं होतं. तुमचं डोकं त्या वासाने दुखायचं. तुम्हाला तगर आवडायची, देवाला रोज फूल मिळतं म्हणून! म्हणजे ज्या झाडावर मी जळले ते तुमचं नव्हतंच? मग हे कुणाच्या पानावरची धूळ पुसत होते? आणि 'अनंत आईचा' हे मालूला कुणी सांगितलं? की तुम्ही त्याचं सगळ्यात जास्त करायचात म्हणून तिला तो तुमचा वाटला? डोक्याचा नुसता भुगा झालाय.

माई उठल्या वाटतं. चहाचं आधण ठेवते.

एकादशी, संध्याकाळ

ताई, कालचे कागद तसेच राहिले. आज एवढं झालंय की कुठून सुरू करू?

वाटेला द्यायला घावणे करायचे म्हणून मी रोजच्यापेक्षा लवकर उठले. उजाडायला लागलं होतं. पीठ कालवायला पाणी आणावं म्हणून मागच्या दाराने निघाले, तर विहिरीवर रहाटाचा आवाज. मालू! लहान कळशी कमरेवर घेऊन, वाकडी होऊन चालत ओटीकडे गेली. मी मागोमाग. तिने अनंताच्या मुळाशी ती रिकामी केली आणि पुन्हा वळली, तर समोर मी.

कळशी तिच्या हातातून निसटली.

"मालू, काय करतेस?"

"पानी घालत्ये."

"आत्ता?"

"रोजच घालत्ये. तू उठायच्या आदी. दोन कळश्या."

"कधीपासनं?"

"आई गेली तवापासनं."

मी म्हटलं, "अगं, तू शाळेत गेलीस की मीही घालते. रोज एक."

  पोरीने मनातल्या मनात बेरीज केली असावी, कारण तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"माई परवा म्हनली, कुनीतरी बुडवलंय. मी आतनं आयकलं. मंग मीच ना? आईचं झाड मीच मारलं ना?"

"नाही गं, मीठ मी घातलं. तू बघितलंस."

"व्हय. औषद ना ते? माडाला घालतात तसं." तिने नाक पुसलं. "पानं तर आदीच पिवळी पडत हुती. मला वाटलं, मी कायतरी चुकीचं केलंय. मंग तू औषद घातलंस. म्हंजे तुला कळलं की मीच मारलंय. मंग तू माझ्याशी बोलायचीच बंद झालीस."

मी बोलायची बंद झाले!  अठरा दिवस ही पोर माझ्या रागाला भीत होती आणि मी तिच्या. दोघी एकाच झाडाभोवती फिरत होतो, ती पहाटे, मी सकाळी, आणि दोघींनी मिळून तुमचा अनंत बुडवला. तगरीला तेवढंच पाणी मिळालं असतं तर तिने ते पिऊन वर दोन फुलं जास्त दिली असती.

"मग म्हसळ्याला का चाललीस?" मी विचारलं.

"तू बाबांना सांगितलं असतंस."

मी तिला जवळ घेतलं. घेतलं म्हणजे ओढलंच. ती आधी ताठ होती, मग रडली, माझ्या खांद्यावर सगळं नाक पुसलं. मला किती बरं वाटलं हे लिहायला माझी चौथी पुरत नाही.

पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. 'औषधच होतं ते,' एवढंच म्हणाले. माझ्या मनात त्या सकाळी काय आलं होतं, ते फक्त तुम्हाला सांगितलं. खोटं बोलले का मी? औषध होतं, हे अर्धं तरी खरं आहे. उरलेलं अर्धं मोठी झाल्यावर तिला सांगावं की माझ्याबरोबरच जाऊ द्यावं? तुम्ही असता तर काय केलं असतंत? तुम्ही असता तर हा प्रश्नच नसता, हेही आलंच.

माई उठून आल्या, दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "होडी भरतीला सुटंल, अजून वेळ हाय," म्हणाल्या आणि कोयता मागितला. अनंताला जागचं हलवलेलं खपत नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "आता त्याच्या आवडीनिवडी इचारायची येळ हाय का?"

ह्यांनी झाड मातीच्या गड्ड्यासकट उचललं. माईंनी काळी मऊ पडलेली मुळं कापली. मालूने आळ्यातली चिखलमाती पाटीपाटीने बाहेर टाकली आणि मी वाडीच्या वरच्या अंगाची लाल माती आणून भरली, तळाशी जांभ्या दगडाचा चुरा घालून. झाड पुन्हा जागेवर बसवलं, फांद्या निम्म्या छाटल्या. एकदाच भरपूर पाणी घातलं आणि वर झावळ्यांची सावली केली. झाड आता हातभर उरलंय. त्याला पानं पाच. तीन पिवळी.

हे मातीचे हात धुताना म्हणाले, "तिनं आसंच केलं हुतं. पयल्या साली. बाल्डीभर पानी घालून घालून जवळजवळ मारलं हुतं ह्याला."

तुम्ही?

चार महिन्यांत हे तुमच्याबद्दल पहिल्यांदा माझ्याशी बोलले. आणि मी, काय सांगू, मोठ्याने हसले. मालूही हसली. माईंनी डोळ्यांना पदर लावला.

तरी मालू गेली. पेटी भरलेली होती, माई एवढ्या लांबून आलेल्या, आणि आजीकडचे आंबे कुणाला नको असतात? मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं का? गाडीत मी तिची वेणी घालून दिली. आगरदांड्याला होडी भरलेलीच होती, कोंबड्या, टोपल्या, एक नवरी. ह्यांनी मालूला उचलून आत ठेवलं. तिथून परत कधी येणार, हे मला विचारायचं होतं, पण तेवढ्यात नावाड्याने दोर सोडला. घोंगडी भरलेली पेटी तिच्या पायाशीच होती.

होडी दोन हात आत गेली तेव्हा ती उभी राहिली. नावाडी ओरडला, "बस गो पोरी!" ती बसली नाही.

"अगो," ती माझ्याकडे बघून ओरडली, "मी येईस्तोवर पानी घालू नको हां!"

सगळी होडी हसली. मी नुसती मान हलवली, ह्यांच्यासारखी.

ताई, झाड जगेल असं वचन मी तुम्हाला देणार नाही. पाच पानांवर वचन देऊ नये. आज इतकं खरं बोलून झालं आहे, आता शेवटाला खोटं नको.

वचन एवढंच देते. पोर येईपर्यंत मी पाणी घालणार नाही. हात कितीही शिवशिवले तरी नाही. आणि अनंत वाळलाच, तर ती यायच्या आत तो उपटून त्याच्या जागी दुसरं रोप उभं करणार नाही. वाळलेला असेल तर वाळलेलाच राहील. ती आली की दोघी मिळून माती उकरू आणि मुळाशी काय उरलंय ते दोघी मिळूनच बघू.

तुमची धाकटी,
यमुना